जकात कोणाच्या मानेवर?

शेतकरी बंधूंनो, जकात कोणत्या मालावर बसते, यावर आपले बरेवाईट ठरते. 1932 साली इंग्रज सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली. जावाची स्वस्त साखर हटली. खाणाराला साखर महाग पडली, पण देशी कारखाने वाढले. त्याच धंद्यात 1950-51 साली प्रवरेकाठी लोणीस शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना ऊस गाळू लागला.

कांद्याचे उलट झाले. ऑगस्ट 2023 मध्ये बाहेर जाणाऱ्या कांद्यावर 40 टक्के कर बसला. डिसेंबरात निर्यातच बंद झाली. परदेशी गिऱ्हाईक तुटले, घोडेगाव-राहुरीचा भाव कोसळला. 1 एप्रिल 2025 रोजी कर पुरता उठला; पण बुडालेले पैसे कोणी भरून दिले? शहराला कांदा स्वस्त द्यावयाचा असेल, तर तूट सरकारी तिजोरीने सोसावी. कुणब्याच्या पदरातून ती काढू नये.