सगळ्यांना माहीत असलेलं रहस्य

गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ (१९८०) परवा पुन्हा पाहिला. कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची. एका लहानशा गावात लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर बायकोच्या, नागीच्या खुनाचा खटला चालू आहे. सरकारने दिलेला तरुण वकील परोपरीने विचारतो, पण लहान्या तोंड उघडत नाही. नागीला कोणी मारलं, हे कळायला अख्खा चित्रपट जावा लागतो.

पण हे रहस्य कोणासाठी? गावातल्या बड्या मंडळींना सगळं ठाऊक आहे. नागीवर अत्याचार करणारे तेच आहेत. लहान्यालाही ठाऊक आहे. नाही ते फक्त कोर्टाच्या कागदांत.

आपल्या नगर जिल्ह्याला हे नवं नाही. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी एका १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी त्याचे संबंध असल्याच्या संशयावरून तो झाला, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने नऊ आरोपींना निर्दोष सोडलं. त्याआधी एकामागून एक साक्षीदार फितूर झाले होते. पोर जिवानिशी गेलं, आणि मारलं कोणी याचं उत्तर त्या निकालात मिळालं नाही.

साक्षीदारांना भेकड म्हणणं सोपं आहे. लहान्या भेकड नाही. त्याच्या घरी म्हातारा बाप आणि तरुण बहीण आहे. बोललो तर त्यांचं काय होईल, हे त्याला नीट कळतं. शेवटी बापाच्या अंत्यविधीला आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. तिच्यावर नागीसारखी पाळी येऊ नये म्हणून! प्रेक्षक हादरतात. मला मात्र दरवेळी राग येतो. त्या बहिणीला कोणी विचारलं? गप्प राहणं तिच्यासाठी, कुऱ्हाडही तिच्यासाठी, आणि तिचा शब्द कुठेच नाही. खर्ड्यातही एका मुलीचं नाव पुढे केलं गेलं. तिला काय म्हणायचं होतं, याची चौकशी आपल्यापैकी तरी किती जणींनी केली?

आपल्या बैठकीत बाई येते, रडते, नाव सांगायला कचरते. आपण म्हणतो, ‘बोल, घाबरू नकोस.’ ती बोलल्यावर त्या रात्री कुठे झोपेल? उद्या तिला मजुरीला कोण बोलावेल? मुलं शाळेत कोणाबरोबर जातील? हे आधी ठरवल्याशिवाय तिला धीर देणं म्हणजे तिला एकटीला पुढे ढकलणं आहे.

साक्षीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना मान्य केली. त्या योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे साक्षीदाराला अर्ज करता येतो. आपल्यापैकी किती जणींनी असा अर्ज लिहून दिला आहे? मीही नाही.

तेव्हा पुढच्या शिबिरात हा अर्ज लिहायला शिकू या. आणि एखादी बाई साक्षीला उभी राहील त्या दिवशी एस.टी.चं भाडं गोळा करून आपण दहाजणी तरी कोर्टात हजर राहू. नुसत्या बसून राहिलो तरी चालेल. तिला मागे वळून पाहिल्यावर आपली तोंडं दिसली पाहिजेत.