अर्ध्या तासात काढून घेतलेली उत्तरपत्रिका

परवा नातवाने मोबाईलवर एक यादी दाखवली. 'पैसे पाण्यात घालवणारे फुटबॉलपटू'! त्यात ब्रिन जोन्सचे नाव पाहिले आणि माझ्यातला मास्तर जागा झाला.

हा वेल्समधल्या मर्थर टिडफिलचा, कोळसा-लोखंडाच्या गावचा. ऑगस्ट १९३८ मध्ये आर्सेनलने त्याला वुल्व्हरहॅम्प्टनच्या संघाकडून १४,००० पौंडांना घेतले. ब्रिटनमधला तोवरचा उच्चांक! निवृत्त झालेल्या अ‍ॅलेक्स जेम्सची जागा त्याने भरून काढावी ही अपेक्षा. पहिल्या हंगामात त्याने लीगमध्ये चारच गोल केले आणि लोकांनी निकाल लावून टाकला.

हंगाम फिका गेला हे मान्य. पण पुढे काय झाले, ते यादी करणाऱ्याने पाहिले का? ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झाले. आर्सेनलचे तीनच लीग सामने झाले होते, तेही नोंदीतून खोडले गेले. जोन्स तोफखान्यात गेला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. लीग पुन्हा सुरू झाली ती १९४६ मध्ये, तेव्हा चौतीस वर्षांचा! खेळाडूची ऐन उमेदीची वर्षेच गेली.

कोणी म्हणेल, युद्ध सगळ्यांनाच होते, स्टॅन्ली मॅथ्यूज तर पन्नाशीपर्यंत खेळला. अहो, पण मॅथ्यूजचे नाव युद्धाआधीच झाले होते. जोन्सला नव्या संघात रुळायला एकच वर्ष मिळाले.

आणि ते १४,००० पौंड त्याच्या खिशात गेले नव्हते. ते गेले वुल्व्हरहॅम्प्टनच्या तिजोरीत. खेळाडूला तेव्हा हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त ८ पौंड मिळत. कमाल वेतनाचे ते बंधन १९६१ मध्ये उठले. किंमत इतरांनी ठरवली, डाग मात्र त्याच्या नावावर. वेल्ससाठी तो १७ सामने खेळला, हे कोणी सांगत नाही.

मी हे तावातावाने लिहितो आहे, कारण हा गुन्हा मीही केला आहे. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मी 'असमाधानकारक' असा शेरा मारला होता. वडील अंथरुणाला खिळल्याने तो अर्धे वर्ष शाळेत आलाच नव्हता. हजेरीपट माझ्याच टेबलावर होता; मी तो उघडला नाही.

तीन तासांचा पेपर अर्ध्या तासात काढून घ्यायचा आणि वर 'नापास' लिहायचे, याला तपासणी म्हणत नाहीत. नातवाला एवढेच म्हणालो, "गुण वाचण्याआधी हजेरी बघ रे बाबा."