कोनशिलेवर आणखी काय कोरावे?

डिसेंबर 2025 आणि जानेवारी 2026 मध्ये महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा, नगरपंचायती आणि महापालिकांच्या निवडणुका अखेर झाल्या. बहुतेक मोठ्या शहरांचा कारभार 2022 पासून प्रशासकांकडे होता. आता महापौर, नगराध्यक्ष, सभापती खुर्च्यांवर बसले आहेत आणि त्यांच्याबरोबर भूमिपूजन-लोकार्पणांचा हंगामही नव्याने भरात आला आहे. (प्रशासकांच्या काळात तो थंडावला होता असेही नाही, आमदार आणि पालकमंत्र्यांनी नारळांना उसंत मिळू दिली नव्हती.) या समारंभांची टिंगल करणे सोपे आहे आणि ती दर निवडणुकीला होते. माझी मागणी वेगळी आहे. समारंभ खुशाल व्हावेत, फक्त त्यांना काहीतरी काम द्यावे. लोकप्रतिनिधी, अभियंता, ठेकेदार आणि रहिवासी एकाच रस्त्यावर एकाच वेळी उभे असतात असा प्रसंग शहराच्या कारभारात दुसरा येत नाही. रस्ता वापरायला सुरक्षित आहे, हे त्याच वेळी लेखी आणि जाहीरपणे सांगितले गेले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर फीत कापू नये.

एरवी रहिवाशांची तक्रार कुठून कुठे जाते ते पाहा. शाळेसमोर गाड्या भरधाव जातात, मुलांना रस्ता ओलांडता येत नाही, म्हणून पालक निवेदन देतात. त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का बसतो. मग कळते की शहरातून जाणारा हा रस्ता राज्यमार्ग आहे, म्हणजे विषय सार्वजनिक बांधकाम विभागाचा. सिग्नल हवा तर वाहतूक पोलिसांचा अभिप्राय लागतो, खांबावरचा दिवा विद्युत विभाग बघतो, कडेचे हातगाडीवाले अतिक्रमण विभागाकडे. प्रत्येक कार्यालय पत्र ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पुढे पाठवते आणि पाठवले म्हणजे आपल्यापुरते निकाली निघाले असे मानते. दरम्यान सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर निविदांना मंजुरी असते, कार्योत्तर मंजुरी असते, चौकाचे नामकरण असते. नामकरणावर सभागृह तास-तास तापते. शाळेसमोरच्या पट्ट्यांचा प्रश्न निघालाच तर ऐनवेळच्या विषयांत, सदस्य घड्याळाकडे बघू लागल्यावर.

याचा दोष केवळ नगरसेवकांच्या बेपर्वाईला देऊन भागत नाही. नव्या कामाला नारळ असतो, फोटो असतो, ‘आमच्या प्रयत्नांना यश’ असा फलक असतो. पुसट झालेले पट्टे पुन्हा मारले, तुटका दुभाजक सांधला किंवा वळणावरची झुडपे छाटली, तर त्याचे श्रेय कोणी घेत नाही, कारण घ्यायला व्यासपीठच नसते. ज्यातून नाव होते तेच काम माणूस करतो. रस्ता सुरक्षेची बहुतेक कामे मात्र अशीच बिननावाची असतात.

याला एकच अपवाद आहे, तो म्हणजे गतिरोधक, आणि तोही बहुधा चुकीचा. अपघातात कोणी दगावते, संतप्त रहिवासी रास्ता रोको करतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे डांबराचा उंचवटा तयार असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरच्या आसपास वेगाने गाडी त्यावरून सहज जाते आणि त्याहून जोरात आली तर दणका बसतो. त्याच्या अलीकडे सूचनाफलक आणि वर रंगाचे पट्टेही असावेत. रातोरात झालेल्या उंचवट्याला यातले काही नसते. तो अरुंद आणि उभ्या चढाचा असतो, रात्री दिसत नाही, आणि मागे बसलेल्या बाईला दुचाकीवरून उडवतो. काही महिन्यांनी तो उखडून टाका म्हणून दुसऱ्या गल्लीचे निवेदन येते. लोकांची मागणी रास्त होती आणि ती तातडीने पूर्णही झाली; पण बांधण्यापूर्वी कोणी मोजपट्टी लावली नाही आणि बांधल्यावर कोणी सही केली नाही.

समारंभच रस्त्याला धोकादायक करतो तेव्हा तर कमाल होते. लोकार्पणाचे फ्लेक्स लावायला सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे चौक, आणि चौकातला सगळ्यांत सोयीचा खांब म्हणजे वाहतूक चिन्हाचा. ‘पुढे शाळा आहे’ या त्रिकोणावर हात जोडलेले आठ-दहा चेहरे येतात आणि डावीकडून येणारी रिक्षा वळेपर्यंत दिसत नाही. बेकायदा फलकांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये सविस्तर आदेश दिले, त्यानंतरही वारंवार कान उपटले. फलक उतरतात ते सुनावणीच्या तारखेपुरते.

म्हणून प्रस्ताव साधा आहे. नगरपरिषदेने किंवा महापालिकेने एक ठराव करावा: आपल्या निधीतल्या कोणत्याही रस्त्याचे, चौकाचे वा पुलाचे लोकार्पण सुरक्षा तपासणीच्या अहवालाविना होणार नाही. पादचाऱ्यांची ओलांडण्याची जागा, पदपथाची सलगता, पट्टे आणि चिन्हे, दिवे, चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीला आहेत की नाहीत, वळणावर पुढचे दिसते का, एवढे मुद्दे पुरेत. अहवालावर शहर अभियंत्याची सही असावी, त्या भागातल्या दोन-तीन रहिवाशांचे आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचे म्हणणे त्यात नोंदलेले असावे, आणि तो समारंभात वाचून दाखवावा. कोनशिलेवर मान्यवरांची नावे राजशिष्टाचाराच्या क्रमाने कोरली जातात, ती कोरावीत. त्याखाली ठेकेदाराचे नाव, दोषदायित्वाचा कालावधी कोणत्या तारखेला संपतो ती तारीख, आणि हा रस्ता कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात आहे हेही कोरावे. शेवटची ओळ एकटी असली तरी निवेदनांचे निम्मे हेलपाटे वाचतील.

हे कायद्यात आधीच आहे, वेगळा ठराव कशाला, असे अधिकारी म्हणतील. थोडे आहे हे खरे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198-अ आले. रस्त्याच्या रचनेत, बांधणीत वा देखभालीत सुरक्षेची मानके न पाळणारा ठेकेदार, सल्लागार वा जबाबदार यंत्रणा एक लाख रुपयांपर्यंत दंडाला पात्र ठरते, पण त्या हलगर्जीपणामुळे कोणी मेले किंवा जायबंदी झाले तर. म्हणजे हे कलम अपघातानंतरचे. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये नव्या रस्त्यांच्या सुरक्षा परीक्षणाबाबत निर्देश दिले, ते पाच किलोमीटर किंवा त्याहून लांब प्रकल्पांसाठी. नगरपरिषदेचा काँक्रीट रस्ता बहुधा काहीशे मीटरचा असतो. तो या चाळणीतून अलगद निसटतो. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ती जबाबदार अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायला सांगितले. आता जबाबदार कोण हे ठरवायला कागद लागणारच. तो आधीच तयार असलेला बरा, प्रामाणिक अभियंत्याच्या दृष्टीनेही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अपघात रस्त्यामुळे कमी आणि चालकांमुळे जास्त होतात, असे आकडे सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात देशभरातल्या 1,68,491 मृत्यूंपैकी सुमारे 71 टक्के अतिवेगाच्या खात्यावर आहेत. महाराष्ट्रात त्या वर्षी 15 हजारांहून अधिक माणसे गेली. बेशिस्त खोटी नाही; विरुद्ध दिशेने येणारे दुचाकीस्वार कोणत्याही ठरावाने सुधारणार नाहीत. पण वेग हवेतून येत नाही. वस्तीतला अरुंद, खडबडीत रस्ता काढून तिथे सरळ, गुळगुळीत काँक्रीट घातले आणि ओलांडायला जागा ठेवली नाही, तर ताशी चाळीसने जाणारा माणूस साठने जातो. तो गुन्हेगार आहेच, पण रस्ता आखणाऱ्यानेही त्याला मोकळीक दिली. त्याच अहवालात मृतांपैकी 32,825 पादचारी होते, म्हणजे जवळपास दर पाचवा माणूस. त्यांच्यातल्या कित्येकांनी कुठलीही वेगमर्यादा मोडली नव्हती. ते फक्त पलीकडे जात होते.

राहिला विलंबाचा मुद्दा. तयार पूल अहवालासाठी अडवून लोकांना कोंडीत का ठेवायचे? यावर संताप समजण्यासारखा आहे, पण पूल आजही अडतात, मान्यवरांच्या तारखेसाठी. नोव्हेंबर 2023 मध्ये मुंबईत लोअर परळच्या पुलाची एक मार्गिका विरोधकांनी उद्घाटनाआधीच खुली केली आणि त्यावरून गुन्हा दाखल झाला. प्रशासनाचे म्हणणे होते की काम अजून पूर्ण झालेले नाही. पूर्ण झाले की नाही हे सांगणारा एखादा कागद लोकांसमोर असता, तर तो वाद घटकाभरात मिटला असता. उलट बाजूचे उदाहरण अंधेरीचे. गोखले पुलाचा भाग 2018 मध्ये कोसळला होता. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी 2024 मध्ये थाटात खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल आणि नवा पूल वेगवेगळ्या उंचीवर असल्याचे साऱ्या मुंबईने पाहिले. ते दोन्ही जोडायला पुढे काही महिने गेले. तपासणीतले मुद्दे निविदा निघते त्या दिवसापासून ठाऊक असतात. काम चालू असतानाच एकेक बघत गेले तर शेवटी दोन दिवसांहून अधिक लागायचे कारण नाही.

निधीचे कारण पुढे येईल, त्याला फार दाद देऊ नये. थर्मोप्लास्टिक पट्टे, चार चिन्हे आणि एक दिवा यांचा खर्च मूळ कामाच्या अंदाजपत्रकातच धरायचा असतो आणि बहुतेक वेळा धरलेलाही असतो. बिल निघते, पट्टे मात्र राहून जातात. राज्यमार्ग आणि महामार्ग नगरपरिषदेच्या ताब्यात नाहीत, तिथे हा ठराव चालणार नाही, हे मान्य करायला हवे. तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे. नगराध्यक्षांनी तिच्याकडे निवेदन पाठवून न थांबता ठिकाणांची यादी घेऊन बैठकीला जावे आणि इतिवृत्त पुढच्या सर्वसाधारण सभेत ठेवावे. स्वतःच्या रस्त्यांसाठी मात्र कोणाची परवानगी लागत नाही. नव्या सभागृहांच्या पहिल्या काही बैठकांत हा विषय एका सदस्याने मांडला आणि दुसऱ्याने अनुमोदन दिले की पुरे. विरोधी बाकांवरच्यांनी तो आधी मांडावा हे उत्तम, कारण सत्ताधाऱ्यांना त्याविरुद्ध हात वर करताना कारण द्यावे लागेल आणि ते इतिवृत्तात राहील.