तलावाकाठचा रविवार: हौज खासचं पाणी येतं कुठून?



'रविवारची भटकंती'च्या या भागात आपण दिल्लीतल्या एका तलावाकाठी जाणार आहोत. नाव ऐकून तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "हौज खास? तिथं तर फक्त कॅफे आहेत!" मलाही तसंच वाटायचं. नोकरीसाठी नोएडाला आल्यापासून मी तिथं चार-पाच वेळा तरी गेले असेन. मैत्रिणींसोबत कॉफी प्यायली, भिंतीला टेकून फोटो काढले आणि परत आले. तलावाकडे नीट बघितलं ते मात्र गेल्या हिवाळ्यात, माझे पप्पा लातूरहून आले तेव्हा.

पप्पा निवृत्त शिक्षक. दिल्लीला पहिल्यांदाच आले होते. लाल किल्ला झाला, कुतुबमिनार झाला, इंडिया गेटवर आईला व्हिडिओ कॉलही झाला. रविवारी मी त्यांना हौज खासला नेलं. पुढे काय झालं ते सांगतेच, पण आधी कामाची माहिती.

पोहोचायचं कसं?

मेट्रोच्या यलो लाइनवर 'हौज खास' नावाचं स्टेशन आहे, पण नावावर जाऊ नका. तलावाला आणि हौज खास गावाला जवळचं स्टेशन म्हणजे त्याच लाइनवरचं ग्रीन पार्क. तिथून रिक्षा करा, नाहीतर सरळ चालत जा. गावाच्या तोंडाशी डिअर पार्कचं फाटक लागतं. त्या बागेतून झाडांच्या सावलीतली वाट थेट तलावापर्यंत जाते. बागेत फिरायला पैसे लागत नाहीत. गावाच्या टोकाला असलेल्या जुन्या वास्तूंसाठी मात्र पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही.

आजी-आजोबा सोबत असतील तर बागेतूनच जा. रस्ता सपाट आहे, बसायला बाक आहेत. वास्तूंमध्ये पायऱ्या उंच आहेत आणि काही ठिकाणी कठडे नाहीत, त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नका.

सातशे वर्षांची टाकी

'हौज' म्हणजे पाण्याची टाकी, आपला हौद. 'खास' म्हणजे राजेशाही. अलाउद्दीन खिलजीने १३०० च्या सुमारास आपल्या नव्या सिरी शहराला पाणी मिळावं म्हणून हा हौद खोदून घेतला. तेव्हा त्याचं नाव होतं हौज-ए-अलाई. पावसाळ्यात दक्षिणेकडच्या उंच, खडकाळ भागातून वाहून येणारं पाणी इथं साठायचं आणि वर्षभर पुरायचं.

पुढे पन्नासेक वर्षांत हौद गाळाने भरून गेला. फिरोजशाह तुघलकाने तो गाळ काढायला लावला आणि काठावर मोठा मदरसा बांधला. इंग्रजी 'एल' अक्षरासारख्या त्या इमारतीच्या कोपऱ्यात फिरोजशाहाची कबर आहे. तो १३८८ मध्ये वारला. त्यानंतर दहा वर्षांनी तैमूरलंगाने दिल्ली जिंकली, तेव्हा त्याच्या फौजेचा तळ याच पाण्याकाठी पडला होता. फौजेला आधी पाणी लागतं, मग बाकी सगळं!

मदरशाच्या सज्जात उभं राहिलं की खाली तलाव दिसतो. पण आज दिसतो तो मूळ हौदाचा एक छोटा तुकडा आहे. जवळच्याच बागेत मुंडा गुंबद नावाची एक जुनी वास्तू आहे. एके काळी ती हौदाच्या मधोमध होती असं सांगतात. आज तिच्या आजूबाजूला लोक चालायला येतात. हौद किती मोठा असेल याचा अंदाज यावा म्हणून तिथपर्यंत नक्की जा. मुलांना सांगा, "आपण आत्ता तलावाच्या तळावरून चालतोय." त्यांना भारी मजा वाटते.

पप्पांचा प्रश्न

तर आम्ही तलावाकाठी पोहोचलो. थंडीतलं कोवळं ऊन होतं. पाण्यावर बदकं होती, समोर मदरशाच्या कमानी, बाकांवर कॉलेजची मुलं. एक मुलगा गिटार वाजवत होता. मी फोन काढला आणि म्हटलं, "पप्पा, इथं उभे राहा, मस्त फोटो येईल."

पप्पा उभे राहिले, पण पाठमोरे. पाण्याकडे बघत म्हणाले, "एवढं पाणी कुठून यायलंय गं? नदी तर दिसंना कुठं."

मला माहीत नव्हतं. "पावसाचं असेल," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली.

"जानेवारीत? आणि हिरवं का दिसायलंय? वासबी यायलाय जरासा."

खरं सांगते, मला राग आला. एवढ्या हौसेने आणलं आणि हे वास काढत बसलेत! पण पप्पांना पाणी दिसलं की ते येतं कुठून हे विचारल्याशिवाय राहवत नाही. त्याला कारण आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली. दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली होती. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. सुट्टी म्हणजे टँकरची वाट बघणं. घागरी, कळशा, रंगाचे रिकामे डबे, जे हाताला लागेल ते रांगेत. आई भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांना वापरायची. आंघोळीचं पाणी पप्पा बादलीत धरायचे. अर्धं संडासाला, उरलेलं दारातल्या केळीला. तिला पाणी कमी पडू नये म्हणून आम्ही साबणही जपून लावायचो.

नोएडाला आल्यावर मी हे कुणाला सांगितलं नाही. इथं फ्लॅटमध्ये आम्ही तिघी राहतो. सुरुवातीला मी शॉवरखाली बादली ठेवायचे, तर मैत्रीण हसली. "ये क्या है?" मी बादली उचलून बाल्कनीत ठेवली, ती कायमचीच.

मग पाणी येतं कुठून?

मी चिडूनच फोनवर शोधायला बसले. आणि जे वाचलं ते पप्पांना वाचून दाखवताना माझा राग उतरत गेला.

आजूबाजूला शहर वाढलं तसे पाणी आणणारे ओहोळ अडले, बुजले. विसाव्या शतकात हा हौद कोरडा पडला. बरीच वर्षं तिथं नुसता खड्डा होता. मग या शतकाच्या सुरुवातीला तो पुन्हा भरायचं ठरलं. पण दिल्लीत पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण, तलावाला कुठून देणार? तेव्हा वसंत कुंजच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी संजय वनाच्या बाजूने इथं आणलं गेलं.

म्हणजे आपण बघतोय तो तलाव मुख्यतः लोकांच्या घरातल्या वापरलेल्या पाण्याने भरलाय! स्वयंपाकघरातलं, न्हाणीघरातलं, कपडे धुतलेलं. स्वच्छ करून पुन्हा कामाला लावलेलं.

हिरव्या रंगाचंही कोडं सुटलं. शुद्ध केलेल्या सांडपाण्यातही नायट्रोजन आणि फॉस्फरस काही प्रमाणात उरतात. तीच द्रव्यं शेतात आपण खत म्हणून टाकतो. साचलेल्या पाण्यात ऊन आणि खत दोन्ही मिळालं की शेवाळ झपाट्याने वाढतं. ते कुजलं की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि वास येतो. म्हणून अशा तलावाला एकदा भरून भागत नाही. पाणी खेळतं ठेवावं लागतं, आणि काठाला पाणवनस्पती असतील तर त्या ही जास्तीची द्रव्यं शोषून घेतात.

वाचून झालं. मला वाटलं, आता पप्पा म्हणणार, "शी! गटाराचं पाणी दाखवायला आणलंस होय?"

पप्पा बाकावर बसले. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या केळीसारखंच की."

आणि मग स्वतःहून म्हणाले, "काढ आता फोटो."

त्या रात्री घरी आल्यावर मी बाल्कनीतली बादली आत आणली. मैत्रिणीने पुन्हा विचारलं. या वेळी मी तिला लातूरची रेल्वे, केळ आणि हौज खास, सगळं सांगितलं. आता आमच्या बाल्कनीतल्या तुळशीला आणि मनी प्लांटला नळाचं पाणी लागत नाही. भांडी धुवायचं पाणी मात्र झाडांना घालू नका हं, साबणाने माती खराब होते. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी एकदम चांगलं.

तलावाकाठी काय काय चालतं?

सकाळी सहा-सातला जा. चालणारे, पळणारे, योगासनं करणारे आजोबा आणि पक्ष्यांचे फोटो काढणारे, सगळे भेटतील. बागेत मोर हमखास दिसतात. दुपारी मदरशाच्या पायऱ्यांवर चित्रं काढणारी आणि परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं बसलेली असतात. संध्याकाळी गावातल्या चिंचोळ्या गल्ल्यांत गर्दी होते. कपड्यांची दुकानं, छोट्या आर्ट गॅलऱ्या, खाण्याची ठिकाणं. मुलं सोबत असतील तर सकाळच बरी. खिशालाही बरी, कारण डबा घरून नेता येतो. आम्ही धपाटे नेले होते.

बदकांना आणि माशांना पाव घालायचा मोह आवरा. तो पाण्यात कुजतो आणि वर वाचलंत ना, तेच शेवाळाचं चक्र वाढतं.

आणखी तलाव, आणखी रविवार

*सूरजकुंड, फरिदाबाद.* दहाव्या शतकातलं, पायऱ्या-पायऱ्यांचं अर्धगोल कुंड. तोमर राजा सूरजपालाने बांधलं असं मानतात. शेजारीच दर फेब्रुवारीत हस्तकलेचा मोठा मेळा भरतो. १९८७ पासून ही परंपरा आहे, आणि २०१९ मध्ये मेळ्याचं 'थीम राज्य' होतं आपला महाराष्ट्र!

*सुलतानपूर, गुरुग्राम.* पक्षी बघायचे तर हिवाळ्यात इथंच. दूरदेशीचे पाहुणे पक्षी येतात, सारसाची जोडीही दिसू शकते. २०२१ मध्ये या पाणथळ जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं 'रामसर' स्थळ म्हणून मान्यता मिळाली. पावसाळ्याच्या काळात ते बंद असतं, म्हणून निघण्याआधी एकदा चौकशी करा.

*बडखल, फरिदाबाद.* एके काळी सहलीचं आवडतं ठिकाण, मग पूर्ण आटलेला तलाव. तोही शुद्ध केलेल्या सांडपाण्याने पुन्हा भरायचा प्रकल्प हाती घेतला गेला. हौज खास बघून झाल्यावर इथं गेलात तर फरक समजेल.

*तालकटोरा, नवी दिल्ली.* ताल म्हणजे तळं, कटोरा म्हणजे वाटी. आता तिथं बाग आणि स्टेडियम आहे. १७३७ मध्ये पहिला बाजीराव दिल्लीवर चालून आला, तेव्हा मराठी फौज या भागात उतरली होती. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच तालकटोरा स्टेडियममध्ये भरलं.

निघताना एवढं करा

पाण्याची बाटली घरून भरून न्या. पायात साधे बूट घाला. डिसेंबर-जानेवारीत हवा फार खराब असेल त्या दिवशी लहान मुलांना आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांना बाहेर नेऊ नका, तलाव पुढच्या रविवारीही तिथंच असतो. आणि काठावर पोहोचलात की फोटोच्या आधी मुलांना पप्पांचा प्रश्न विचारा: हे पाणी कुठून येतं?

तुमच्या गावातल्या तळ्यालाही हाच प्रश्न विचारून बघा. कोल्हापूरचा रंकाळा असो, ठाण्याचा मासुंदा असो की तुमच्या वस्तीतलं बिननावाचं डबकं. घरातली मोठी माणसं उत्तर द्यायला लागली की मात्र मध्ये बोलू नका, ऐकत बसा.

पप्पा लातूरला परतले तेव्हा बॅगेत त्यांनी आईसाठी शाल घेतली आणि तो फोटो छापून घेतला. आता तो आमच्या दिवाणखान्यात आहे. कुतुबमिनारचा नाही, लाल किल्ल्याचा नाही. हिरव्या पाण्यापुढे उभे असलेले पप्पा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते फोटो दाखवतात आणि पाणी कुठलं ते ओळखायला सांगतात.

भेटूया पुढच्या रविवारी!