वनस्नान: झाडांच्या सहवासाने बीपीची गोळी सुटते का?

‘फॉरेस्ट बाथिंग’ म्हणजेच वनस्नान हा शब्द हल्ली तुमच्याही कानावर आला असेल. त्याच्या शिबिरांच्या जाहिराती मोबाइलवर दिसतात. २०२१ मध्ये उत्तराखंडच्या वनविभागाने रानीखेत येथे सुमारे १३ एकरांत वन-उपचार केंद्रही सुरू केले. साहजिकच रुग्ण विचारतात, ‘डॉक्टर, याचा खरंच उपयोग होतो का? आणि होत असेल तर गोळ्या बंद करता येतील का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, काही बाबतींत’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र ‘नाही’.

वनस्नान म्हणजे नेमके काय?

यात अंघोळ नाही, ट्रेकिंगही नाही. झाडांमध्ये सावकाश चालायचे, मध्येच बसायचे, पानांची सळसळ, मातीचा वास, सावली-उन्हाचा खेळ याकडे लक्ष द्यायचे. मोबाइल बंद ठेवायचा. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये याला ‘शिनरिन-योकू’ हे नाव दिले.

संशोधन काय सांगते?

ताण आणि रक्तदाब: जपानमधील २४ जंगलांत विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. शहराच्या तुलनेत जंगलात असताना त्यांच्यातील कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक, नाडीचा वेग आणि रक्तदाब कमी आढळला. पण हे सगळे तरुण, निरोगी मुलगे होते आणि मोजमाप त्याच दिवसाचे होते. साठीतल्या, दोन गोळ्या घेणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब वर्षभर आटोक्यात राहील, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

प्रतिकारशक्ती आणि कॅन्सर: जाहिरातींत सर्वाधिक ताणला जाणारा मुद्दा हाच. टोकियोतील डॉ. किंग ली यांनी काही निरोगी नोकरदार पुरुषांना तीन दिवस जंगलात नेले. त्यानंतर त्यांच्या रक्तातील ‘एनके’ पेशींची सक्रियता वाढलेली दिसली. या पेशी विषाणूबाधित आणि कॅन्सरग्रस्त पेशींवर हल्ला करतात. पण त्या गटात फक्त १२ जण होते आणि त्यांपैकी कोणीही कॅन्सरचा रुग्ण नव्हता. रक्तातला एक आकडा वाढणे आणि आजार बरा होणे यांत फार अंतर आहे. घरात कॅन्सरचा रुग्ण असेल, तर जंगलातल्या शिबिरासाठी केमोथेरपीची तारीख पुढे ढकलू नका.

किती वेळ पुरेसा?

इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत (२०१९) आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत व मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. दीर्घ आजार असलेल्यांमध्येही हे दिसले. हा वेळ एकदम घालवला की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. अर्थात, तब्येत बरी असणारेच जास्त बाहेर पडतात, हीही शक्यता आहे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे काय? अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि घरीही लवकर जाता आले. अभ्यास लहान होता, पण खाट खिडकीकडे सरकवायला पैसे लागत नाहीत.

जाण्यापूर्वी

• बीपी, मधुमेह, थायरॉइड किंवा नैराश्याची औषधे स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. आकडे सुधारले तर नोंद करून डॉक्टरांना दाखवा. डोस तेच ठरवतील.
• मधुमेह असेल तर सोबत साखर किंवा ग्लुकोज ठेवा. अनवाणी चालू नका; पायाला बधिरता असेल तर जखम कळत नाही.
• दमा असेल तर इनहेलर खिशात हवा.
• एकटे जाऊ नका. रानात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.
• सिंधुदुर्गात गोचिडींमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. तेथे जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. रानातून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ‘जंगलात गेलो होतो’ हे आवर्जून सांगा.
• छातीत दुखले, दम लागला किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि १०८ वर फोन करा.

महागड्या शिबिराची गरज आहे का?

नाही. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, पुण्यात वेताळ टेकडी. गावाकडे देवराई असेल, तीही नसेल तर जुनी झाडे असलेली बाग चालेल. आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटे गेलात, तरी १२० मिनिटे भरतात.

म्हणूनच टेकडीवरून रस्ता न्यायचा की नाही, झाडे तोडायची की ठेवायची, असे वाद तुमच्या शहरात निघतील तेव्हा त्याकडे आरोग्याच्याही नजरेने पाहा. शिबिराची फी भरणारा दूरच्या जंगलात जाऊ शकतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना मात्र घराजवळचीच झाडे लागतात. ती तोडली गेली, तर ‘रोज थोडे फिरायला जा’ हा आमचा सल्ला त्यांनी पाळायचा कुठे?