‘मिटवून टाका’वाल्यांनो, जरा थांबा!



आज जरा स्पष्ट लिहितोय. कुणाला लागलं तर लागू द्या.

आपल्याकडे अपघात झाला की बऱ्याचदा रुग्णवाहिकेच्या आधी एक माणूस पोचतो. जखमीच्या भावाला बाजूला घेतो, खांद्यावर हात टाकतो आणि म्हणतो, “पोलीस-कोर्टाच्या भानगडीत कशाला पडता भाऊ? गाडीवाला चांगला माणूस आहे, दहा हजार देतोय. मिटवून टाका.” घरचे गोंधळलेले असतात. कागदावर सही होते, ‘आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही.’ गाडी मुंबईकडे निघून जाते. फ्रॅक्चर झालेला पाय मात्र इथंच राहतो.

आता हे बघा, जखमी होतो कोण? शनिवार-रविवारी माथेरानला आणि फार्महाऊसवर जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. त्याच रस्त्याच्या कडेने स्टेशनवरून घरी चाललेला चाकरमानी असतो, वाडीवरून रानभाजी विकायला आलेली बाई असते, वीटभट्टीवरचा मजूर असतो, दुचाकीवरचं कॉलेजचं पोर असतं. ज्याचा पाय मोडला की घरातली चूल मंदावते, असाच माणूस. आणि त्यालाच आपण शहाणपण शिकवतो की मिटव!

माझं म्हणणं एवढंच आहे : भरपाई ही गाडीवाल्याची मेहेरबानी नाही, जखमीचा हक्क आहे. आणि तो हक्क रस्त्यावर दहा हजारांत विकायला लावणारा मध्यस्थ जखमीचा हितचिंतक नसतो.

“अहो, गरीब ड्रायव्हरचं वाटोळं होईल” असं म्हणतात. नाही होत. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो विमा गाडीवाल्यासाठी नाही, गाडीने ज्याला लागेल त्याच्यासाठी आहे. दरवर्षी हप्ता भरला जातो तो याचसाठी. लायसन आणि विमा चालू असेल तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई विमा कंपनी देते, ड्रायव्हरचं घर विकून नाही. मग रस्त्यावर मिटवण्याची घाई कुणाला असते? बहुतेक वेळा ज्याचा विमा संपलाय, लायसन नाही किंवा जो पिऊन होता, त्याला. त्याची अडचण जखमीने का म्हणून वाहायची?

आता हिशेब करू. समजा ३२ वर्षांचा मजूर आहे, महिन्याला १५ हजार कमावतो. अपघातात पायाला कायमचं अपंगत्व आलं आणि त्याची काम करण्याची ताकद २० टक्क्यांनी घटली. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजार. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा प्रकरणात वयानुसार गुणक ठरवून दिलेत, ३१ ते ३५ वयाला १६. म्हणजे १,८०,००० गुणिले १६, त्याचे २० टक्के : ५ लाख ७६ हजार. पुढे वाढणारं उत्पन्न ४० टक्के धरलं तर ८ लाख ६ हजार ४००. यात दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, सोसलेल्या वेदना, सांभाळायला लागलेला माणूस, यातलं काहीच धरलेलं नाही. ते वेगळं मागता येतं. आणि आपण मिटवलं कितीत? दहा हजारांत.

“पण आमच्याकडे पगाराची स्लिप नाही.” नसू दे. रामचंद्रप्पा विरुद्ध रॉयल सुंदरम या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हमालाचं महिना साडेचार हजाराचं उत्पन्न कागदाशिवाय मान्य केलं. हातावर पोट असणाऱ्याकडून कागदी पुरावा मागता येत नाही, असं कोर्टच म्हणतंय. घरकाम करणाऱ्या बाईच्या कामालाही पैशात किंमत आहे, हेही न्यायालयाने वारंवार सांगितलंय. त्यामुळे “तिला काय, ती तर घरीच असते” हे बोलणं बंद करा.

आता दुसरी गल्लत. मोठा अपघात झाला की सरकार मदत जाहीर करतं आणि आपल्याला वाटतं भरपाई मिळाली. १५ एप्रिल २०२३ ची पहाट आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर शिंग्रोबा मंदिराजवळ ढोल-ताशा पथकाच्या पोरांची बस दरीत गेली, १३ जण गेले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख जाहीर केले, पंतप्रधान निधीतून मृतांना २ लाख आणि जखमींना ५० हजार. चांगलं केलं. पण ती मदत आहे. ती जाहीर करणं सरकारच्या मर्जीवर असतं. मोटार वाहन कायद्यातली भरपाई कुणाच्या मर्जीवर नाही. आणि दामत-ममदापूरच्या रस्त्यावर एकट्याला कुणी उडवलं तर त्याच्यासाठी कोण मंत्री घोषणा करणार आहे? त्याला कायदाच आहे फक्त.

मग करायचं काय? सरळ सांगतो.

दवाखान्यात खरं सांगा. मिटवण्याच्या नादात केस पेपरवर ‘घसरून पडला’ असं लिहून घेतात. तिथंच अर्धी केस मेली. गाडीने उडवलं तर गाडीने उडवलं असंच सांगा, एमएलसी नोंद करायला लावा.

एफआयआर नोंदवा आणि प्रत घ्या, ती फुकट मिळते. दोन-चार दिवस उपचारात गेले म्हणून हक्क जात नाही. रवी विरुद्ध बद्रीनारायण, २०११ : एफआयआरला झालेला उशीर एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही. गाडीचा नंबर, जागेचे फोटो, औषधांची बिलं, सगळं एका पिशवीत ठेवा.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला कळवायचा असतो. दहा दिवसांत जखमीला त्याचे हक्क लेखी द्यायचे असतात आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल पाठवायचा असतो. न्यायाधिकरण त्या अहवालालाच दावा मानू शकतं. तुमच्यापैकी किती जणांच्या हातात तो हक्कांचा कागद पडला? पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. आवाज चढवू नका, नियमाचं नाव घ्या आणि मागा.

मुदत लक्षात ठेवा. कायद्यात दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिने दिलेत. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेशही आहे. पण त्याच्या भरवशावर बसू नका. आणि दावा गाडी जिथली आहे तिथंच करावा लागतो असं नाही. अपघात झाला ती जागा किंवा तुम्ही राहता ती जागा, दोन्ही चालतात.

गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही? तरी हक्क आहे. मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. त्यासाठी कोर्टात नाही, महसूल खात्याकडे अर्ज करायचा. आणि मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत पहिले सात दिवस, दीड लाखापर्यंत, नेमून दिलेल्या दवाखान्यात पैसे न भरता उपचार मिळू शकतात. पण अपघाताची पोलिसांत नोंदच नसेल तर हे कशाच्या आधारावर मागणार?

आता वकिलांबद्दल. ‘आत्ता काही देऊ नका, निकालाचे तीस टक्के द्या’ म्हणणारे भेटतील. बार कौन्सिलच्या नियमाने वकिलाला निकालावर फी ठरवता येत नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घेता येत नाही. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही करू नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. कर्जतच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. आपल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर ही एक गोष्ट पोचली तरी पुष्कळ झालं.

काही जण म्हणतील, खोटे दावेही होतात. होतात, आणि करणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच पाहिजे. पण चार लबाडांमुळे खरा जखमी लंगडत का राहावा? दुसरं म्हणतील, कोर्टात वर्षं जातात. जातात, खोटं कशाला बोलू. पण रकमेवर दावा दाखल झाल्या तारखेपासून व्याज मिळू शकतं, लोकअदालतीत तडजोडही होते. तडजोडीला माझा विरोध नाहीच. जखमेचा हिशेब लागल्यावर, कागदावर आणि न्यायाधीशासमोर करा. रक्त वाळायच्या आत, रस्त्यावर, गाडीवाल्याच्या माणसासमोर करू नका.

शेवटचं, आपल्याच पुढाऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना. अपघाताच्या जागी तुम्ही धावता, त्याबद्दल मान आहे. पुढच्या वेळी धावाल तेव्हा जखमीला दवाखान्यात न्या, साक्षीदार उभा करा. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, कलम १३४अ आहे. आणि जमलं तर जखमीच्या माणसाबरोबर ठाण्यात जाऊन बसा. ते जमत नसेल तर निदान ‘मिटवून टाका’ एवढे दोन शब्द तोंडातून काढू नका.

पटलं असेल तर वाडीवरच्या, चाळीतल्या ग्रुपवर पाठवा. नसेल पटलं तर खाली लिहा, भांडू. पण सही करण्याआधी वाचा.