सालीचा गुण आणि ‘नॅनो’चे लेबल

नांदेड व लातूर येथील फळबाजारांतून आणि रसाच्या दुकानांतून डाळिंब, मोसंबी, संत्री यांच्या साली उकिरड्यावर जातात. या सालींच्या काढ्यापासून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनविण्याची ‘हरित’ पद्धत गेल्या दोन दशकांत जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली आहे. आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांनी तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी आमचे मत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कृती सोपी आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणात काढा मिसळला की सालीतील टॅनिनादी द्रव्ये चांदीचे क्षपण करतात, द्रावण पिवळसर तपकिरी होते आणि १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण तयार होतात. हे कण जिवाणूंची वाढ रोखतात. त्यांना चिकटलेली सालीतील द्रव्ये ऑक्सिडीकरणास विरोध करतात. येथपर्यंत वाद नाही.

वाद आहे तो या कणांस ‘भस्म’ म्हणण्याचा. रौप्यभस्म शोधन, मारण व पुटे यांतून सिद्ध होते आणि निश्चंद्र व अपुनर्भव या कसोट्यांना उतरावे लागते. म्हणजे त्यात धातूची चकाकी उरू नये व ते पुन्हा धातुरूपास येऊ नये. काढ्याने बनविलेला कण तर मुळातच धातुरूप चांदी आहे. केवळ आकार लहान म्हणून तो भस्म ठरत नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आयुर्वेदीय प्रोप्रायटरी औषधातील घटक अधिकृत ग्रंथांतील योगांत असावे लागतात. सिल्व्हर नायट्रेटपासूनचे कण या व्याख्येत बसत नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काचेच्या तबकडीत जंतू मेले म्हणजे रुग्ण बरा झाला, असेही नव्हे. चांदी दीर्घकाळ पोटात गेल्यास त्वचा कायमची निळसर करडी होते, हे वैद्यकास ज्ञात आहे. शिवाय डाळिंबावरील तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात; त्यातील ताम्र सालीवर राहून काढ्यात उतरू शकते. उकिरड्यावरची साल म्हणूनच औषधास निषिद्ध मानावी.

याचा अर्थ संशोधनास विरोध असा नव्हे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची नांदेड येथील संकुले व लातूर उपकेंद्र आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. रसशास्त्राच्या अध्यापकांनी त्यांच्यासह विषाक्ततेची तपासणी हाती घ्यावी. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ साली नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांचा अभ्यास व्हावा.

तोवर औषधशाळाचालकांनी दाडिमत्वक् ही आपल्या ग्रंथांनी गौरविलेली ग्राही साल फवारणीची चौकशी करून, स्वच्छ धुऊन, सावलीत वाळवून वापरावी. तिचा गुण सिद्ध आहे. त्यास ‘नॅनो’ या लेबलाची गरज नाही. विश्वास हेच आपले भांडवल आहे. ते एका शब्दाच्या मोहापायी गमावू नये, हीच आमची सर्व सभासदांस विनंती.